झडती

देवळाली कॅम्पातल्या रोहरांनी लग्नाचे व्हिडिओ करणं सोडलं,
तेव्हा त्यांचं ग्राफिक्स कार्ड मी निम्म्या किमतीत उचललं.
पंख्यांच्या पात्यांत पाच मोसमांची धूळ,
जुन्या टूथब्रशने काढली. थोडी पिवळी होती.
हळद असेल, आई म्हणाली.

कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा बसेना, तो काढूनच ठेवला.
पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं,
ड्रायव्हर टाकला की पडदा काळा.
तीन रात्री काळा.
चौथ्या पहाटे, बिटकोकडून पहिली बस वळली तेव्हा,
कार्डाने आपलं नाव सांगितलं,
तापमान सांगितलं, किती जागा मोकळी तेही,
पोलिसासमोर उभ्या केलेल्या पोरासारखं, भराभर.

केबलवाल्या शकीलला फोन केला.
बाहेरच्या माणसाला आत यायला एक दार पाहिजे.
तो म्हणाला, “ताई, अख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता आहे.
कोणाचं टपाल कोणाला, ते आमचं आम्ही बघतो.
तुम्हाला वेगळा हवा तर महिना दोनशे.”
दिले दोनशे.

मग जाळ्याने यंत्राचं नाव विचारलं.
मी लिहिलं : जेलरोड-एक.
दोन कधी होणार ते विचारू नका.

बाबा तेहेतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते.
भाकरीचा रिकामा डबा गेटवर उघडून दाखवायचा,
तेव्हा कुठे नाशिकरोडचं मोकळं आभाळ.
ते दारात उभे राहिले, हाताची घडी घालून.
“म्हणजे रात्री कोण येतं?”
माहीत नाही. कुठला तरी माणूस, आपलं काम घेऊन.
“कसलं काम?”
ते मला दिसत नाही.
“आणि जाताना?”
जाताना काय?
“झडती.”

मी सांगितलं, त्याला आत एक बंद खोली देते.
खिडकी नाही, आपल्या फोटोंचं कपाट नाही.
त्याचं तो आणतो, त्याचं तो नेतो,
काम संपलं की खोलीच मोडून टाकायची.
बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, “आमची खोली रोज तीच असायची.”

पहिल्या रात्रीचे एक्केचाळीस रुपये,
तेही रुपयांत नाहीत,
बोटाला लागत नाही अशा कुठल्या तरी नाण्यात.
वजा साडेतीन युनिट. युनिट नऊचा धरला
तर उरले साडेनऊ.
आईने आकडा ऐकून घेतला, काही बोलली नाही,
दुधाचं पातेलं आणून कॅबिनेटच्या मागे ठेवलं.
डिसेंबरात विरजण लागत नाही.
तेवढं तरी होऊ दे.

शनिवारी रात्री दोनला कोपऱ्यावरची डीपी उडाली.
मला कळलंच नाही. मी झोपले होते.
बाबांना आवाज उठवत नाही, आवाज थांबला की ते उठतात,
जुनं दुखणं आहे.
टॉर्च घेऊन आले, माझा खांदा हलवला.
“बंद पडलंय.
आत माणूस होता का?”

होता.
फोनवर दिसत होतं : काम तुटलं.
भरवशाचे गुण अठ्ठ्याण्णववरून एक्क्याण्णव.
त्याचं अर्धं राहिलेलं काय होतं, कोण जाणे,
कुठल्या देशात त्याने आत्ता कपाळाला हात लावला असेल.

बाबा अंधारात उभे. उघड्या बाजूने हात आत नेला,
कार्डापासून वीतभर लांब धरला.
ऊब अजून होती.
“शाई वाळायला एवढी पुरते,” म्हणाले,
मला नाही, असंच.

तीन वाजून दहा मिनिटांनी लाइट आली.
बटण त्यांनीच दाबलं.
पंखे फिरले, आधी एक, मग दुसरा, जरा खरखरत.
ते वळले, आणि जाता जाता
दोन्ही तळहात माझ्यासमोर उघडे धरले,
एकदा सुलटे, एकदा पालथे.

मला हसू आलं नाही.
“जा,” मी म्हणाले.